चाकाची साखळी आणि हजारांचा खोळंबा

हिमालयातला बर्फ एकदा डोळ्यांनी पाहून यावा ही इच्छा आता मूठभर गिर्यारोहकांपुरती राहिलेली नाही. वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकून, नाताळची सुट्टी साधून अथवा रजा प्रवास सवलतीचा लाभ घेऊन मनाली किंवा गुलमर्ग गाठणारी शिक्षकांची, कारकुनांची आणि बँक कर्मचाऱ्यांची कुटुंबे महाराष्ट्राच्या लहानसहान गावांतही आढळतात. यात गैर काहीच नाही. नोकरदार माणसाच्या आयुष्यात असा आनंद यावा हे समाजाच्या दृष्टीने इष्टच आहे. तथापि या आनंदाबरोबर एक नवी जबाबदारीही आपल्या पदरात पडली आहे, आणि तिची पुरेशी जाणीव अद्याप आपल्याला झालेली दिसत नाही.

२०२४ च्या डिसेंबरअखेर हिमाचल प्रदेशात मनालीच्या वर सोलंगपासून अटल बोगद्यापर्यंतच्या रस्त्यावर हिमवृष्टीमुळे सुमारे हजार वाहने अडकून पडली. पोलिसांना हजारो पर्यटकांची रात्रीच्या थंडीत सुटका करावी लागली. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी याहून भयंकर प्रकार घडला. बर्फात अडकलेल्या मोटारींतच वीसहून अधिक माणसे एका रात्रीत मरण पावली आणि त्यांत लहान मुलेही होती. अशा बातम्या आल्या की ‘निसर्गाचा कोप’ असे म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः डिसेंबर-जानेवारीत हिमालयात बर्फ पडणे हा कोप नसून ऋतुक्रम आहे. बर्फ पडणार हे ठाऊक असताना त्यावरून गाडी चालवण्याची तयारी न करता वर जाणे, हा मात्र सर्वस्वी माणसाचा कारभार आहे.

या तयारीतली एक साधी, जुनी आणि तुलनेने स्वस्त वस्तू म्हणजे चाकांना बांधायची लोखंडी साखळी. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील कॅनास्टोटा या गावच्या हॅरी वीड याने १९०४ साली तिचे पेटंट घेतले. चिखलात व बर्फात चाक फिरू नये म्हणून लोक टायरांना दोर आणि वेली गुंडाळत, ते पाहून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. सव्वाशे वर्षांनंतरही तिच्या मूळ रचनेत फारसा बदल झालेला नाही. अशी साधी वस्तू हजार वाहनांच्या खोळंब्याशी कशी निगडित आहे, हे समजण्यासाठी प्रथम थोडे पदार्थविज्ञान आणि मग थोडे अर्थशास्त्र पाहावे लागेल.

चाक का फिरते, गाडी का हलत नाही?

गाडी पुढे जाते ती चाक आणि रस्ता यांच्यातील घर्षणामुळे. कोरड्या डांबरी रस्त्यावर हे घर्षण चाकावरील भाराच्या स्थूलमानाने सात-दशांश इतके मिळते. दबून घट्ट झालेल्या बर्फावर ते दोन-दशांशावर येते आणि त्या बर्फाची काच झाली की जेमतेम एक-दशांश उरते. आता आपल्याकडच्या डोंगरी पर्यटनात कोणत्या गाड्या चालतात ते पाहा. सुमो, बोलेरो, क्रिस्टापर्यंतची इनोव्हा, टेम्पो ट्रॅव्हलर ही सारी वाहने सामान्यतः मागच्या चाकांवर चालणारी, म्हणजे ज्यांना ‘रिअर व्हील ड्राइव्ह’ म्हणतात त्या जातीची आहेत. इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना मिळते, आणि गाडीचे निम्मे वजन तर पुढच्या चाकांवर असते. घट्ट बर्फावर मागच्या चाकांना निम्म्या वजनाच्या दोन-दशांश, म्हणजे एकूण वजनाच्या एक-दशांश इतकाच रेटा देता येतो. दहा फूट पुढे गेल्यावर एक फूट उंची गाठणाऱ्या चढावर गाडीला नेमका तेवढाच रेटा लागतो. म्हणजे त्या चढावर हाती शिल्लक काहीच उरत नाही. बर्फाची काच झाली असेल, तर याच्या निम्म्या चढावरदेखील तीच गत होते. मग चालक ॲक्सिलरेटर दाबतो, चाक जागच्या जागी गरगरते, खालचा बर्फ घासून आणखी गुळगुळीत होतो आणि गाडी आडवी होऊन सारा रस्ता अडवते. हिशेब स्थूल आहे, पण निष्कर्ष चुकीचा नाही.

उताराचा हिशेब तर अंगावर काटा आणणारा आहे. ताशी तीस किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सपाट कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सुमारे पाच मीटरांत थांबते. घट्ट बर्फावर तिला अठरा मीटर लागतात, आणि बर्फाच्या काचेवर पस्तीस. त्यात दहास एक असा उतार असेल, तर काचेसारख्या बर्फावर गाडी थांबतच नाही. तिला खाली ओढणारा जोर आणि अडवणारे घर्षण यांची बरोबरी झालेली असते. दुपारच्या उन्हात वितळलेले पाणी सूर्य मावळताच पुन्हा गोठते. त्यामुळे सकाळी आरामात चढलेला रस्ता सायंकाळी परतताना त्याच गाडीला पेलत नाही. पर्यटकांचे परतणे आणि पाण्याचे गोठणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, हे त्या रस्त्यांचे दुर्दैव आहे.

साखळीला काय साधते, काय साधत नाही

साखळीच्या आडव्या कड्या बर्फात रुततात आणि गुळगुळीत रबराला जी पकड मिळत नाही ती मिळवून देतात. ती कोणत्या चाकांना बांधायची, याविषयी मात्र आपल्याकडे बराच गोंधळ आढळतो. नियम सोपा आहे: ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते, त्यांना. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या पुढच्या चाकांना साखळ्या बांधल्या, तर चढावर मागची चाके पूर्वीसारखीच गरगरत राहतील. साखळी एकाच चाकाला बांधणेही व्यर्थ आहे, कारण डिफरन्शियलच्या रचनेमुळे ताकद सहज फिरणाऱ्या, म्हणजे घसरणाऱ्या चाकाकडेच वाया जाते. युरोपात घाटाच्या पायथ्याशी साखळी बांधलेल्या चाकाचे चित्र असलेली निळी गोल पाटी दिसते. किमान दोन चालक-चाकांना साखळ्या असल्याखेरीज पुढे जाऊ नये, असा तिचा अर्थ आहे.

परंतु मागच्या दोन चाकांना साखळ्या बांधल्या म्हणजे आपण निर्धास्त झालो, असे मानणे धोक्याचे आहे. गाडी वळवतात ती पुढची चाके. ब्रेक लावला की वजन पुढे झुकते आणि रोखण्याचे बहुतेक काम पुढच्या चाकांवरच येऊन पडते. ती चाके तर उघडीच असतात. त्यामुळे मागे साखळी असलेली गाडी चढ चढून जाते, पण उताराच्या वळणावर स्टिअरिंग फिरवूनही नाकासमोर सरळ जाऊ पाहते. तीव्र उतार असेल तेथे चारही चाकांना साखळ्या असाव्यात. ते शक्य नसेल, तर गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्याच्या थोड्याच अधिक वेगाने उतरवावी. चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या ‘फोर बाय फोर’ गाडीचा डौल वेगळाच असतो, परंतु ताकदीचा उपयोग चढण्यासाठी आहे. थांबताना त्या गाडीलाही चारच चाके आणि तेवढेच घर्षण लाभते.

याशिवाय काही बारीक गोष्टी आहेत. साखळ्या टायरच्या मापाच्याच हव्यात आणि आपल्या गाडीला त्या चालतात की नाही, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे, कारण काही गाड्यांत चाक आणि पत्रा यांच्यामध्ये तेवढी जागाच नसते. त्या अडकण्यापूर्वी, सपाट जागी बांधाव्यात. थोडे अंतर गेल्यावर उतरून पुन्हा ताणाव्यात. वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आत ठेवावा, आणि उघडे डांबर लागताच त्या काढाव्यात. नाहीतर साखळी तुटते, टायर फाटतो आणि रस्ताही उखडतो. यांतले काहीही अवघड नाही. पण अंधारात, बोटे बधिर झालेली असताना, मागून शंभर भोंगे वाजत असताना, आयुष्यात प्रथमच करायचे म्हटले तर ते अशक्यप्राय होते.

खर्च एकाचा, नुकसान सर्वांचे

येथवरचा विषय मेकॅनिकचा झाला. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यात रस वाटावा असा भाग पुढे आहे. साखळ्यांच्या जोडीला काही हजार रुपये पडतात आणि त्या बांधायला अर्धा तास लागतो. हा सारा भार एका गाडीवाल्यावर असतो. न बांधल्याने होणारे नुकसान मात्र त्याच्या एकट्याचे नसते. समजा, एक गाडी अरुंद रस्त्यावर आडवी झाली, मागे दोनशे गाड्या अडकल्या, प्रत्येकीत पाच माणसे आहेत आणि वाट मोकळी व्हायला तीन तास लागले. तर तीन हजार मनुष्य-तास वाया गेले. ज्याने साखळी बांधली नाही त्याच्या गाडीच्या वाट्याला यांतले पंधरा तास आले. उरलेले सारे इतरांच्या माथी पडले. त्या इतरांत रुग्णवाहिका असेल, दुधाची गाडी असेल आणि बर्फ उपसणारे यंत्रही असेल. रस्ता मोकळा करणारे यंत्रच खोळंब्यात अडकले, की तीन तासांची रात्र होते.

अशा नुकसानीला अर्थशास्त्रात ‘बाह्य परिणाम’ म्हणतात, आणि १९२० साली केंब्रिजच्या प्राध्यापक पिगू यांनी त्याचे विवेचन केल्यापासून तो आमच्या विषयाच्या पाठ्यक्रमात आहे. निर्णय घेणारा स्वतःपुरता हिशेब करतो. त्या हिशेबात त्याचे वागणे शहाणपणाचेच ठरते, परंतु सर्वांच्या हिशेबांची बेरीज शहाणपणाची होत नाही. ‘माझी गाडी, माझा धोका’ हा युक्तिवाद म्हणूनच येथे टिकत नाही. मोकळ्या माळावर तो कदाचित मान्य करता येईल. एकीकडे कडा आणि दुसरीकडे दरी असलेल्या एकपदरी वाटेवर धोका कुणाच्याच एकट्याच्या मालकीचा राहत नाही.

अमेरिकन अर्थतज्ज्ञ टॉमस शेलिंग यांनी १९७३ साली बर्फावरील हॉकीच्या खेळाडूंविषयी एक मार्मिक निबंध लिहिला होता. प्रत्येक खेळाडूला हेल्मेटचे महत्त्व पटलेले असते, पण इतर घालत नसताना आपण एकट्याने घालावे असे कुणालाच वाटत नाही. सक्तीचा नियम केला, तर मात्र तेच खेळाडू त्याचे स्वागत करतात. डोंगरातल्या टॅक्सीचालकाची स्थिती याहून निराळी नाही. साखळ्या बांधण्यासाठी तो थांबला, तर मागच्या दहा गाड्या पुढे निघून जातात आणि त्याचेच प्रवासी कुरकुरू लागतात. सर्वांनाच थांबावे लागणार असेल, तर थांबण्यात त्याचे काही जात नाही. सक्ती ही नेहमीच स्वातंत्र्याची शत्रू असते असे नाही. कित्येकदा ज्याला योग्य तेच करायचे आहे त्याला ती मोकळीक देते.

नियमाला पुरवठ्याची जोड हवी

आपल्याकडे नियम अगदीच नाहीत असे नव्हे. काश्मीरमध्ये बर्फ पडल्यावर तंगमर्गहून गुलमर्गला साखळीवाचून साधी गाडी सोडत नाहीत. लाहौल-स्पितीचे पोलीसही वेळोवेळी केवळ ‘फोर बाय फोर’ किंवा साखळ्या बांधलेल्या वाहनांनाच पुढे जाऊ देतात. प्रवासी यावर चिडतात. खाली गाडी सोडून स्थानिक वाहन करावे लागते, त्याचे भाडे तोंडाला येईल ते सांगितले जाते, आणि सुरक्षेच्या नावाखाली स्थानिकांची सोय पाहिली जात आहे, असा ग्रह होतो. ही तक्रार सर्वस्वी खोटी नाही. परंतु तिच्यावरचा उपाय नियम सैल करणे हा नव्हे. सक्ती केली, पण सक्तीची वस्तू मिळण्याची व्यवस्था केली नाही, की मक्तेदारी जन्माला येते, हे रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीला समजावून सांगायला नको.

येथे एका परिस्थितीकडे लक्ष दिले पाहिजे. सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. तत्पूर्वी लाहौलकडे जाणारी मोटारवाट तेरा हजार फुटांवरील रोहतांग खिंडीतून होती आणि हिवाळ्यात ती खिंड बर्फाने बंद होत असे. निसर्गच तेथे द्वारपाल होता. बोगद्याने लाहौलच्या जनतेचे सहा-सहा महिन्यांचे तुटलेपण संपवले. हे काम मोठेच आहे. पण त्याबरोबरच, जन्मात बर्फ न पाहिलेली मैदानी गाडी आणि तिचा मैदानी चालक यांच्यासाठी दहा हजार फुटांवरच्या बर्फाचे दार भर हिवाळ्यात उघडले गेले. जुना द्वारपाल गेला, त्याच्या जागी नवी व्यवस्था मात्र पूर्णपणे उभी राहिली नाही.

ती कशी उभी राहू शकेल, याचा एक नमुना कॅलिफोर्नियात पाहायला मिळतो. तेथे सिएरा नेवाडा पर्वतातील महामार्गांवर सक्तीच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर बर्फाचे टायर असलेल्या हलक्या मोटारींना सवलत मिळते. दुसऱ्या पायरीवर ती चारही चाकांना ताकद असलेल्या आणि चारही चाकांना बर्फाचे टायर बसवलेल्या वाहनांपुरतीच उरते. तिसरीवर सवलत कुणालाच नाही. सवलत मिळालेल्या गाडीलाही साखळ्या जवळ बाळगाव्याच लागतात. ज्यांना त्या बांधता येत नाहीत त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला परवानाधारक माणसे उभी असतात. त्यांच्या छातीवर क्रमांकाचा बिल्ला असतो आणि ती ठरावीक मोबदल्यात साखळ्या बांधून देतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या माणसांना तेथे साखळ्या विकण्याची वा भाड्याने देण्याची मुभा नाही. बांधणारा वेगळा आणि विकणारा वेगळा ठेवल्याने अडलेल्या माणसाची अडवणूक करण्याचा मोह कमी होतो. नियम, सेवा आणि सेवेवरचे नियंत्रण या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र नांदतात.

आपल्याकडे याचीच आपल्या परिस्थितीला मानवेल अशी आवृत्ती करता येईल. मैदानातल्या गाडीला वर्षातून दोन दिवस लागणारी वस्तू प्रत्येकाने विकत घेणे हा भांडवलाचा अपव्यय आहे. ती भाड्याने मिळणे हेच शहाणपणाचे. घाटाच्या पायथ्याशी नगरपालिकेने किंवा चालकांच्या सहकारी संस्थेने साखळ्यांचे भांडार चालवावे, अनामत घ्यावी, भाड्याचे दर मोठ्या फलकावर लावावेत, आणि उतरताना साखळ्या परत घ्याव्यात. बांधून देण्याचे काम स्थानिक तरुणांना बिल्ले देऊन सोपवावे, म्हणजे हिवाळ्यात त्यांच्या हाताला काम मिळेल आणि प्रवाशाची भीड चेपेल. मागच्या चाकांवर चालणाऱ्या भाडोत्री वाहनांना तर नोव्हेंबर ते मार्च या काळात साखळ्या बाळगणे परवान्याची अट म्हणूनच लागू करावे. स्टेपनी आणि जॅक यांच्यावाचून प्रवासी गाडी निघत नाही, तशीच साखळीवाचून निघू नये. सहलींच्या कंपन्यांनीही आपल्या माहितीपत्रकात जेवणाच्या पदार्थांची यादी देताना, वाहनात साखळ्या असतील की नाही, हेही एका ओळीत छापावे.

पैसे देणाऱ्याची जबाबदारी

अखेरीस प्रश्न उरतो तो आपला, म्हणजे मागच्या आसनावर बसणाऱ्या प्रवाशांचा. भाड्याच्या गाडीत स्टिअरिंग चालकाच्या हाती असले, तरी त्याची मिळकत आपल्या हाती असते. “एवढे पैसे भरून आलो आहोत, बर्फ दाखवल्याशिवाय परतायचे नाही” हे वाक्य आपल्या समाजात किती सहजपणे उच्चारले जाते! चालक अनुभवी असतो. वरचा रस्ता सायंकाळी गोठेल हे तो जाणतो. परंतु नकार दिला, तर भाडे बुडेल आणि ते दुसरा कुणीतरी उचलेल, हेही तो जाणतो. मग तो साखळीवाचून निघतो. दुर्घटना झाली की दोष चालकाच्या निष्काळजीपणाला दिला जातो, आणि ज्या दडपणाखाली त्याने गाडी काढली त्याची नोंद कुठल्याच पंचनाम्यात होत नाही.

म्हणून डोंगराकडे निघणाऱ्या वाचकांना काही विनंत्या कराव्याशा वाटतात. गाडी ठरवतानाच ती कोणत्या चाकांवर चालते आणि साखळ्या आहेत का, हे विचारावे. चालकाला साखळ्या बांधायला थांबावेसे वाटले, तर घड्याळाकडे न पाहता खाली उतरून त्याला हात द्यावा. त्याने परत फिरायचे म्हटले, तर त्याचे ठरलेले भाडे विनातक्रार द्यावे, कारण त्या नकारातच आपल्या मुलाबाळांची सुरक्षितता असते. आणि इतके करूनही अडकलोच, तर उबेसाठी काचा बंद करून इंजिन चालू ठेवू नये. धुराच्या नळीचे तोंड बर्फाने बुजले, की विषारी वायू आत शिरतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. मरीमध्ये गाडीत झोपलेल्या अनेकांचा घात याच वायूने केला, असे तेव्हा समोर आले. नळी वारंवार मोकळी करावी, खिडकी किंचित उघडी ठेवावी आणि इंजिन थोडाच वेळ चालवावे.

सार्वजनिक वस्तू वापरण्याची शिस्त आपल्या अंगी बाणलेली नाही, अशी तक्रार आपण वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. गावातला नळ असो, वाचनालयातले पुस्तक असो किंवा एस. टी.चे आसन असो, जे सर्वांचे ते कुणाचेच नाही अशी आपली धारणा असते. बर्फातला डोंगरी रस्ता ही त्याच जातीची मालमत्ता आहे. फरक एवढाच, की तेथे बेशिस्तीची किंमत त्याच दिवशी, त्याच वळणावर आणि पुष्कळदा भलत्याच माणसाला मोजावी लागते. येत्या हिवाळ्यात हिमाचल आणि काश्मीरच्या वाटेला लागणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने लोकरीचे कपडे पेटीत भरतानाच साखळीची चौकशी केली, आणि तेथील प्रशासनाने पायथ्याशी ती रास्त दराने मिळण्याची तजवीज केली, तर पुढचा खोळंबा टळेल. या दोन्ही गोष्टी अवाक्याबाहेरच्या नाहीत.